85 लाखांचा फ्लॅट, 18 लाखांची शिल्लक

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय 34, बायको शाळेत शिक्षिका, दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना 1 लाख 15 हजार. वाकडला 26 हजार भाड्याच्या टूबीएचकेत राहता. महिन्याला चाळीसेक हजार मागे टाकता आणि आतापर्यंत 18 लाख जमलेत. चार वर्षांपूर्वी पुनावळ्यात जे घर 58 लाखांना सांगत होते, तसंच घर आता त्याच रस्त्यावरच्या नव्या प्रकल्पात 85 लाखांना सांगतायत, आणि ताबा तीन वर्षांनी. कऱ्हाडहून बाबा म्हणतात, निवृत्तीचे पैसे देतो, पण घर घेऊन टाक. तुमचे प्रश्न दोन: दर कधी पडणार, आणि आम्ही कायमचे मागे राहिलो का?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि गेली 24 वर्षं पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो. कर्ज मंजूर होण्याआधी बँक ज्याला घर बघायला पाठवते, तो मी. घर घेणारी माणसं मला भेटतात ती टोकन देऊन झाल्यावर. तेव्हा त्यांना खरं सांगून फारसा उपयोग नसतो, म्हणून टोकन न दिलेल्या माणसाने विचारलं की मी सगळं सांगतो.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण तुमच्या लिहिण्यात त्याचाच त्रास जास्त दिसतो. नाही, तुम्ही कुठे कमी पडला नाहीत. दोघं कमावता, पगाराचा तिसरा हिस्सा वाचवता, कर्ज नाही. तरीही घर हाताला लागत नाही, याचा अर्थ पगार ज्या वेगाने वाढले त्याच्या पुढे घरांचे दर गेले. त्यात आपल्याकडे घर ही फक्त राहायची जागा राहिलेली नाही. लग्न जमवताना मुलाचं 'पुण्यात स्वतःचं घर आहे का' हा प्रश्न पत्रिकेच्या आधी येतो. वास्तुशांतीला कोण आलं आणि कोणाची अजून झाली नाही याची नातेवाइकांत मोजदाद चालते. या दडपणाखाली घेतलेली घरं मी रोज मोजतो. मोजून बाहेर पडताना कित्येकदा वाटतं, हे घर या जोडप्याने दोन वर्षं थांबून घेतलं असतं तर किती सुखाने राहिले असते.

आता दरांचं. तुमच्या मनात जी घसरण आहे, म्हणजे एक दिवस बातमी येईल आणि 85 चे 60 होतील, तशी पुण्यात होताना मी एकदाही पाहिलेली नाही. 2008 ची मंदी पाहिली, नोटाबंदी पाहिली, टाळेबंदी पाहिली. दर पडले नाहीत, थिजले. 2014 मध्ये वाकडच्याच एका इमारतीतला फ्लॅट मी एका बँकेसाठी साडेपाच हजार रुपये चौरस फूट धरला होता. मालकाने वाढीव कर्ज मागितलं म्हणून 2019 मध्ये तोच फ्लॅट परत पाहिला, तेव्हा 5,700 च्या वर मला नेता आला नाही. पाच वर्षांत 200 रुपये. त्या काळात महागाई वाढली, पगार वाढले, दर जागच्या जागी राहिले. म्हणजे घर स्वस्त झालं, फक्त ते कुणाला जाणवलं नाही. त्या वर्षांत ज्यांनी शांतपणे, भाव करून घर घेतलं त्यांना खरा फायदा झाला.

मग गाडी सुटली कधी? सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात मोठी सवलत दिली आणि ती मार्च 2021 पर्यंत चालली. त्याच वेळी गृहकर्जाचं व्याज 7 टक्क्यांच्या खाली होतं. घरात कोंडलेल्या लोकांना एक खोली जास्त हवी होती. पडून असलेली घरं विकली गेली, नंतर लोखंड-सिमेंट महागलं आणि नवे प्रकल्प वरच्या भावानेच बाजारात आले. तुम्ही ऐकलेले 58 लाख हे थिजलेल्या वर्षांच्या शेवटी शेवटी उरलेले दर होते. ते चुकल्याची हळहळ मला समजते. पण तेव्हा तुमच्याकडे किती शिल्लक होती, ते आठवून बघा. बहुतेक तेव्हाही ते घर तुमच्या आवाक्यात नव्हतं.

दर खाली का येत नाहीत, हे एकदा समजून घेतलंत तर बिल्डर हट्टी आहे म्हणून बसून राहण्यातला वेळ वाचेल. पुनावळ्यासारख्या भागात, माझ्या हिशेबाने, बांधकामाचा निव्वळ खर्च विक्रीच्या किमतीच्या निम्म्याच्या आत बसतो. बाकी जमीन, वाढीव चटई क्षेत्रासाठी (म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीसाठी) भरलेला प्रीमियम आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क), उचललेल्या पैशाचं व्याज, जाहिरात, दलाली आणि नफा. जमीन बऱ्याचदा विकत घेतलेली नसते. जागेचा मूळ मालक भागीदारीत असतो आणि विक्रीतला ठरलेला टक्का त्याला जातो. दर कमी करायचा तर त्याने हो म्हणायला हवं, आणि तो घाईत नसतो. दुसरं, प्रकल्पाला ज्या वित्तसंस्थेने कर्ज दिलंय तिने मंजुरीपत्रात किमान विक्रीदर लिहून घेतलेला असतो. त्याखाली फ्लॅट विकला तर ती ना हरकत पत्र देत नाही. तिसरं म्हणजे रेडी रेकनर, सरकारने त्या भागासाठी ठरवून दिलेला दर. त्यापेक्षा कमी किमतीत व्यवहार दाखवला तरी मुद्रांक शुल्क रेकनरच्या किमतीवरच लागतं, आणि फरक 10 टक्क्यांच्या पुढे गेला की आयकराचा प्रश्न दोघांच्या मागे लागतो. या तीन कारणांनी छापलेला दर हलत नाही. सवलत दुसऱ्या दाराने येते: फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) माफ, पार्किंगचे पैसे नाहीत, मुद्रांक शुल्क आम्ही भरतो, स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या बसवून देतो. भाव करताना 'दर कमी करा' म्हणण्यापेक्षा 'एकूण किती रक्कम माझ्या खिशातून जाणार' हा आकडा धरून बोला. तिथे जागा असते.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी जरा बदलून मांडतो. दर पडतील का, हे तुमच्या हातात नाही आणि माझ्याही नाही. हातात आहे ते एवढंच: आजच्या पगारात कोणत्या किमतीचं घर तुम्ही 20 वर्षं न धडपडता ओढू शकाल, आणि ते कुठलं.

आधी 85 लाखांच्या घराचा पूर्ण हिशेब करू, कारण साइटवर तो असा कुणी मांडून देत नाही. करारनाम्याची किंमत 85 लाख. बांधकाम चालू आहे म्हणून 5 टक्के जीएसटी, सव्वाचार लाख. पिंपरी-चिंचवड हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 5 लाख 95 हजार. नोंदणी फी 30 हजार. झाले साडेपंच्याण्णव लाख. आता बँक काय देईल? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के मिळतात आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी त्यात धरत नाहीत. (जीएसटी किमतीत धरायचा की नाही यात बँकाबँकांत फरक असतो, तो आधी विचारून घ्या.) म्हणजे कर्ज 68 लाख. तुमच्या खिशातून साडेसत्तावीस लाख. ताबा घेताना सोसायटीचा आगाऊ मेन्टेनन्स, पंखे, पडदे, कपाटं, जाळ्या हे वेगळंच. तुमच्याकडे 18 आहेत. मधली दरी साडेनऊ लाखांची, आणि ती भरायला बाबांचे पैसे.

हप्ता बघा. व्याज साडेआठ टक्के धरू. दर आज थोडा कमी असेल, पण 20 वर्षांचा हिशेब आजच्या दराने करू नये. 68 लाखांना 20 वर्षांसाठी महिना सुमारे 59 हजार. पगाराच्या निम्म्याहून जास्त. आणि ताबा मिळेपर्यंत वाकडचं 26 हजार भाडंही चालूच. बांधकामाच्या टप्प्यांनुसार कर्जाची रक्कम सुटत जाते, त्यामुळे सुरुवातीला फक्त व्याज भरावं लागेल, पण शेवटच्या वर्षी दोन्ही मिळून 80 हजारांच्या आसपास जाईल. उरलेल्या पस्तीसेक हजारांत घर चालवायचं. त्या तीन वर्षांत मूल झालं, किंवा मॅडमनी सहा महिने बिनपगारी रजा घेतली, तर?

व्याजदराचं एक उदाहरण देतो, कारण ते मी जवळून पाहिलंय. 2021 मध्ये अनेकांनी 6.7 टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलं. 20 वर्षांसाठी लाखाला हप्ता पडत होता सुमारे 757 रुपये. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि गृहकर्ज 9 टक्क्यांच्या घरात पोचलं. 9 टक्क्यांनी लाखाला नुसतं व्याजच महिना 750 रुपये होतं. मुद्दल अजून फारसं कमी झालेलं नव्हतं, म्हणजे जवळजवळ सगळा हप्ता व्याजात. कुणाची मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेली, कुणाला बँकेने हप्ता वाढवायला लावला. पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात ज्यांचा हप्ता बसत होता त्यांनी ते सोसलं. निम्म्यावर बसलेल्यांनी दागिने मोडले. 2025 मध्ये रेपो टप्प्याटप्प्याने खाली आला, पण मधली तीन वर्षं त्यांना कुणी परत दिली नाहीत.

'भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे' असं बाबा म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. बाबांच्या काळात ते खरं होतं. कर्ज कमी, घर स्वस्त, भाडं त्या मानाने जास्त. आज 68 लाखांच्या पूर्ण कर्जावर पहिल्या वर्षी तुम्ही साधारण 7 लाख 8 हजार भराल, त्यातले सुमारे 5 लाख 73 हजार व्याज. महिन्याला पावणेअठ्ठेचाळीस हजार. ते परत येत नाहीत, आणि भाड्याचे 26 हजारही येत नाहीत. जुन्या करपद्धतीत स्वतः राहता त्या घराच्या व्याजावर 2 लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत तीही नाही. तुम्ही राहता त्या घराचं वर्षाचं भाडं 3 लाख 12 हजार, आणि तसं घर आज घ्यायला 80 लाखांच्या आसपास लागतील. म्हणजे मालकाला वर्षाला 4 टक्केही सुटत नाहीत. घरमालक आज तुम्हाला स्वस्तात राहू देतोय. त्याची भिस्त दर वाढण्यावर आहे, तुमच्या भाड्यावर नाही.

पण भाड्याने राहण्याचा खरा त्रास पैशाचा नसतो, हे मला माहीत आहे. दर 11 महिन्यांनी 'मुलाचं लग्न ठरलंय, घर रिकामं करा' हे ऐकायचं, शाळा बदलायची, गॅसचा पत्ता बदलायचा. त्यावर थोडा उपाय आहे. 11 महिन्यांचाच करार केला पाहिजे असा कायदा नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार तीन वर्षांचा करता येतो. मालकाला सांगा, वर्षाला 5 टक्के भाडेवाढ मान्य, नोंदणीचा खर्च आम्ही करू, पण तीन वर्षं हलवू नका. करार नोंदवायचाच, नोटरीवर भागवायचं नाही. चांगला भाडेकरू जाऊ नये असं मालकालाही वाटत असतं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जोडप्यांनी हे एकदा विचारलं आणि मालकाने लगेच होकार दिला.

आता घर घ्यायचंच, तर कुठलं. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मला विचाराल तर तुमच्यासारख्याने बांधकाम चालू असलेलं घर घेऊ नये. यामागे घरचा अनुभव आहे. माझ्या बहिणीने 2012 मध्ये शहराच्या पूर्वेला एक फ्लॅट बुक केला. नकाशे मी स्वतः पाहिले होते, जागेची कागदपत्रं पाहिली होती, आणि घे म्हणून सांगितलं होतं. ताबा 2015 ला मिळणार होता, मिळाला 2021 ला. सहा वर्षं ती हप्ता आणि भाडं दोन्ही भरत होती. भाचा तिसरीत असताना ते घर त्याच्या खोलीसह ठरलं होतं, आणि तो बारावीला असताना ते त्या घरात राहायला गेले. नकाशात खोट नव्हती. पैसे दुसऱ्या प्रकल्पात फिरवले गेले होते, आणि ते मला कागदावर दिसलं नाही. मे 2017 पासून महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आहे. खरेदीदारांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवणं बंधनकारक आहे, नोंदवलेल्या करारनाम्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, उशीर झाला तर व्याज मागता येतं. परिस्थिती तेव्हापेक्षा नक्कीच सुधारली आहे. पण आदेश मिळणं आणि पैसे हातात पडणं यात बरंच अंतर असतं, आणि तेवढं अंतर चालण्याची ताकद तुमच्या हिशेबात नाही. ज्याचं एक घर आधीच आहे त्याने वाट बघावी.

तुम्ही 10 ते 15 वर्षं जुनी इमारत बघा. त्याच पट्ट्यात, रहाटणी, काळेवाडी, थेरगाव बाजूला, तुमच्या गरजेचं टूबीएचके 68 लाखांच्या आसपास बसू शकतं. मजला, पार्किंग, रस्ता यांवर 5 लाख इकडेतिकडे. जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क 4 लाख 76 हजार, नोंदणी 30 हजार. कर्ज 54 लाख 40 हजार, हप्ता साडेआठ टक्क्यांनी सुमारे 47 हजार, आणि ज्या महिन्यात हप्ता सुरू त्याच महिन्यात भाडं बंद. खिशातून 18 लाख 66 हजार, वर एजंट, रंग आणि प्लंबिंगचे तीन-साडेतीन लाख. म्हणजे बावीसच्या आसपास. हे घर आणि ते घर यांत फरक किमतीचा 17 लाखांचा दिसतो, पण हप्त्यात तो महिना 12 हजारांचा आहे, तोही 20 वर्षं.

जुन्या घराला लोक नाक मुरडतात. लॉबीत संगमरवर नाही, पोहण्याचा तलाव नाही. मोजणारा माणूस म्हणून सांगतो, इमारत दरवर्षी झिजते आणि जमीन टिकते. चार मजल्यांच्या, 16 घरांच्या जुन्या सोसायटीत तुमच्या वाट्याला जमिनीचा जो हिस्सा येतो, तो 22 मजली टॉवरमध्ये येणाऱ्या हिश्श्याच्या कितीतरी पट असतो. उद्या पुनर्विकास निघाला तर बोलणी त्या हिश्श्यावर होतात. अर्थात त्यासाठी जमीन सोसायटीच्या नावावर हवी. म्हणून पहिला प्रश्न 'किती चौरस फूट' हा विचारू नका. 'कन्व्हेयन्स झालंय का' हे विचारा. झालं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल तर ती सरकारकडून करून घेण्याचा) अर्ज तरी केलाय का. दोन्ही नसेल तर किंमत त्या मानाने पाडून मागा.

दुसरा प्रश्न पूर्णत्वाच्या दाखल्याचा. तो नसेल तर बँक नाही म्हणेल, आणि नाही म्हटलं तर बँकेचे आभार माना. तिसरं, विकणाऱ्याच्या आधीच्या सगळ्या मालकांचे मूळ करारनामे आणि सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) साखळीने आहेत का. मधला एक करार हरवलाय आणि झेरॉक्स आहे म्हणाले, तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र घ्या, आणि तुमच्या बँकेचा चेक थेट त्या बँकेच्या नावाने जाऊ द्या.

आणि पाणी. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं. कुठल्या सोसायटीत त्यावर भागतं आणि कुठे रोज टँकर लागतो, हे वॉचमनला विचारा. सोसायटीच्या वर्षाच्या ताळेबंदात टँकरचा आकडा असतो, तो मागून घ्या. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत मेन्टेनन्स दुप्पट असलेला मी पाहिलाय, आणि तो हप्त्यासारखाच दर महिन्याला द्यावा लागतो, फक्त 20 वर्षांनी संपत नाही.

किमतीच्या बाबतीत एक साधन तुमच्या हातात आहे, ते फार थोडे लोक वापरतात. जाहिरातीतला दर हा विकणाऱ्याच्या मनातला दर असतो. प्रत्यक्ष व्यवहार कितीला झाला हे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक 2 काढून कळतं. गाव आणि गट क्रमांक टाकायचा, वर्ष निवडायचं. ज्या तीन इमारती आवडतील त्यांचे गेल्या दोन वर्षांतले व्यवहार वहीत लिहून काढा: मजला, क्षेत्रफळ, किंमत, तारीख. क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप (भिंती धरून) हे बघून घ्या, नाहीतर तुलना फसते. मीही मूल्यांकनाला बसतो तेव्हा आधी हेच करतो. मग मालक 76 म्हणाला आणि त्याच जिन्यातला वरचा फ्लॅट सहा महिन्यांपूर्वी 67 ला गेलेला असला, तर तुमचा आवाज चढवायची गरज पडत नाही. नव्या प्रकल्पाबद्दल कुणी 'चारच फ्लॅट उरलेत' म्हणालं, तर महारेराच्या पानावर किती घरं नोंदली गेलीत ते बघा. 'ऑफर रविवारपर्यंत' हे मी 24 वर्षं दर रविवारी ऐकतोय.

हे सगळं कशावर अवलंबून आहे, तेही सांगतो. तुमची नोकरी अशी असेल की दोन वर्षांत बंगळुरूला जावं लागेल, तर आत्ता घर घेऊ नका. शुल्क, दलाली, दुरुस्ती यांत 12 टक्क्यांच्या आसपास जातात आणि ते भरून निघायला वर्षं लागतात. माझा ठोकताळा असा की किमान सात वर्षं त्या घरात राहायचं नसेल तर भाडं बरं. कंपनी हिंजवडीत आहे की घरून काम, यावरही भाग ठरेल. आईबाबा कऱ्हाड सोडून येणार असतील तर लिफ्ट नसलेली जुनी इमारत यादीतून काढा. घर एकट्या मॅडमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, 68 लाखांवर 68 हजार. मात्र दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही, तेव्हा घरात बोलून ठरवा. म्हाडाच्या सोडतीबद्दल विचारलं होतंत: खासगी प्रकल्पांतली जी 20 टक्के घरं सोडतीत निघतात ती अल्प आणि त्याखालच्या उत्पन्न गटांसाठी असतात, आणि पती-पत्नीचं उत्पन्न एकत्र धरतात. तुमच्या दोघांच्या पगारात ते बसणार नाही. म्हाडाच्या स्वतःच्या योजनांत वरच्या गटासाठी घरं निघतात, तिथे अर्ज जरूर भरा, पण त्यावर विसंबून राहू नका.

मग करायचं काय? आजपासून साधारण दीड-दोन वर्षं थांबा. तोपर्यंत महिना 40 हजारांच्या बचतीने तुमचे 18 चे 26 लाखांच्या आसपास होतील. त्यातले बावीस घरासाठी आणि चार लाख बाजूला, काहीही झालं तरी न मोडता. हे चार लाख म्हणजे नोकरी गेली तर सातेक महिन्यांचे हप्ते आणि मेन्टेनन्स. त्या दोन वर्षांत दर 5-7 टक्के वाढले तर? वाढू शकतात. 68 चे 72 होतील, हप्ता अडीच-तीन हजारांनी वाढेल, खिशातूनही लाखभर जास्त जाईल. ते तुम्हाला झेपेल. उलट आज हात पसरून 85 ला उडी मारलीत आणि दर तीन वर्षं थिजले, तर ते झेपणार नाही. मी जोखमीचा विचार असा करतो: आपला अंदाज चुकला तर कुठल्या बाजूला पडल्यावर उठता येईल.

राहिली बाबांची गोष्ट. त्यांचे पैसे घेऊ नका असं मी म्हणत नाही, त्यांचा जीव त्यात आहे. पण निवृत्तीची रक्कम डाउन पेमेंटमध्ये गेली की ती विटांत गेली. उद्या त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. त्यांना सांगा, पैसे पोस्टात तुमच्याच नावावर राहू द्या, आम्हाला अडचण आली तर मागू. आणि त्यांना चार दिवस वाकडला बोलवा. रहाटणीतली दोन-तीन जुनी घरं त्यांच्याबरोबर बघा. सकाळी बघा, पाणी येतं त्या वेळी. गच्चीवर टाकीपाशी त्यांना घेऊन जा, स्लॅबला ओल आहे का ते त्यांना बघू द्या. ज्यांनी कऱ्हाडचं घर स्वतः उभं राहून बांधून घेतलं त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर दिसेल.